वाहनांचे हिवाळ्यातील संरक्षण

वाहनांचे हिवाळ्यातील संरक्षण म्हणजे कडाक्याची थंडी, बर्फ आणि रस्त्यावर टाकलेले मीठ यांमुळे मोटारीची होणारी हानी टाळण्यासाठी घेतली जाणारी काळजी होय. कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग आणि उत्तर युरोप येथे ही दरवर्षीची बाब आहे. भारतात लडाख, काश्मीर आणि हिमाचल प्रदेशाच्या उंच भागात तिची गरज भासते. महाराष्ट्रात तापमान सहसा गोठणबिंदूखाली जात नाही. त्यामुळे येथून हिमालयात जाणाऱ्या वाहनांची पूर्वतयारी अपुरी राहण्याचा संभव असतो.

शीतक द्रव

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. रेडिएटरमध्ये साधे पाणी असल्यास या प्रसरणाने रेडिएटर फुटतो, तसेच इंजिनाच्या ठोकळ्यालाही तडा जाऊ शकतो. उष्ण प्रदेशात कूलंटमध्ये वेळोवेळी साधे पाणी मिसळण्याची सवय असते. थंड प्रदेशात तीच घातक ठरते. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे समप्रमाणातील मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. म्हणून प्रवासापूर्वी मिश्रणाचे प्रमाण तपासून घेणे आवश्यक असते. काच धुण्याच्या टाकीतील पाण्याच्या जागीही न गोठणारा द्रव भरतात.

बॅटरी आणि इंधन

थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांच्या सुमारास शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता निम्म्यापर्यंत घटू शकते. त्याच वेळी इंजिनातील तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन सुरू करण्यास अधिक शक्ती लागते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल सौम्य झालेले असते. ते गोठल्यास बॅटरीचे कवच फुटते. यास्तव जुनी बॅटरी हिवाळ्यापूर्वी तपासून घेतात आणि थंडीस योग्य असे पातळ तेल वापरतात.

डिझेलमधील मेणासारखे घटक थंडीत घट्ट होऊन इंधन गाळणी तुंबते. यावर उपाय म्हणून इंडियन ऑइल कंपनीने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध करून दिले.

टायर आणि ब्रेक

तापमान ५ ते ६ अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब साधारणपणे १ पीएसआयने घटतो. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. सामान्य टायरचे रबर कडक होऊन पकड कमी होते. बर्फावर टायरला लोखंडी साखळ्या बांधतात. मात्र मोकळ्या डांबरी रस्त्यावर त्या काढाव्या लागतात, अन्यथा टायर आणि रस्ता या दोहोंची झीज होते. ओला हँडब्रेक रात्रीतून गोठून अडकू शकतो. म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगडाची किंवा लाकडाची अटकाव लावण्याची पद्धत आहे.

मीठ आणि गंज

अनेक देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, पसरतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. परंतु हेच खारे पाणी उत्तम विद्युतवाहक असल्याने लोखंडाचे गंजणे वेगाने होते. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत वाहने लवकर गंजतात, त्यामागेही हेच कारण आहे. गंजाचा प्रारंभ बहुधा वाहनाच्या तळाशी, ब्रेकच्या नळ्यांवर आणि सांध्यांमध्ये होत असल्याने तो उशिरा लक्षात येतो. ब्रेकची नळी गंजून फुटल्यास अपघात होऊ शकतो. म्हणून वरवर धुणे पुरेसे ठरत नाही. हिवाळ्यात वरचेवर तळभागही पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा लागतो. रंगावरील ओरखडे वेळीच बुजवणे आणि तळाला गंजरोधक लेप देणे हेही उपाय उपयुक्त आहेत.

काच आणि बर्फात अडकलेले वाहन

काचेवर जमलेल्या बर्फावर उकळते पाणी ओतल्यास काच तडकू शकते. बर्फ खरवडून काढणे इष्ट असते. वायपर काचेला चिकटलेले असताना सुरू केल्यास त्यांची मोटर जळू शकते.

बर्फात अडकलेल्या गाडीचे इंजिन उबेसाठी सुरू ठेवण्यात जिवाला धोका असतो. एक्झॉस्टची नळी बर्फाने बंद झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू आत शिरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या वाहनांमधील २० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी काहींचा मृत्यू या वायूमुळे झाल्याचे सांगण्यात आले. अशा वेळी नळीभोवतीचा बर्फ प्रथम दूर करणे, इंजिन थोडा वेळच चालवणे आणि खिडकी किंचित उघडी ठेवणे आवश्यक असते.