पाहुण्याचा विद्यार्थी होताना : अमेरिकेतील एका नियमाचा इतिहास

उर्दूत प्रवाशाला मुसाफिर म्हणतात आणि विद्यार्थ्याला तालिब-ए-इल्म. एकच माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो, हे आपल्याला सहज पटते. अमेरिकेच्या कायद्यात मात्र या दोघांचे खाते वेगळे आहे. फिरायला किंवा नातलगांना भेटायला आलेला ‘बी-२’, विद्यापीठात शिकायला आलेला ‘एफ-१’ आणि विमानचालनासारखे व्यावसायिक शिक्षण घेणारा ‘एम-१’.

१९५२च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम २४८ने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्याची सोय केली. मायदेशी न परतता तिथूनच अर्ज करायचा. पुढे कित्येक वर्षे व्यवहार सैल होता. पर्यटक म्हणून आलेला माणूस अर्ज टाकून निकालाची वाट न पाहता वर्गात बसू शकत असे.

२००० साली मोहम्मद अट्टा आणि मारवान अल-शेही हे दोघे याच वाटेने गेले. अभ्यागत म्हणून ते अमेरिकेत आले, फ्लोरिडातील व्हेनिस गावात विमान चालवायला शिकू लागले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी एम-१ दर्जासाठी अर्ज केले. त्यांचे प्रशिक्षण डिसेंबरमध्ये आटोपलेही. अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर तो अर्ज रद्द समजायचा, असा नियम होता. दोघेही मधल्या काळात परदेशी जाऊन आले, तरीही २००१च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही अर्ज मंजूर झाले. पुढच्याच महिन्यात ११ सप्टेंबर उजाडला.

कळस याहून पुढे आहे. त्या मंजुरीची कागदपत्रे प्रशिक्षण संस्थेच्या हाती पडली ती ११ मार्च २००२ रोजी, म्हणजे हल्ल्याला बरोबर सहा महिने झाले त्या दिवशी! राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर संताप व्यक्त केला. महिनाभरात, १२ एप्रिल २००२ रोजी नवा नियम आला : पर्यटक म्हणून आलेल्याने दर्जा बदलून मिळेपर्यंत शिक्षण सुरू करायचे नाही. २००३मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी ‘सेव्हिस’ ही संगणकीय यंत्रणा लागू झाली आणि जुने इमिग्रेशन खाते मोडीत निघाले.

न्यायाने बोलायचे तर हा नियम सर्व धर्मांच्या, सर्व देशांच्या पाहुण्यांना सारखाच लागू आहे. मारेकऱ्यांनी सवलतीचा गैरफायदा घेतला, हेही खरे. पण त्याच काळात आलेल्या ‘विशेष नोंदणी’बद्दल असे म्हणता येत नाही. २००२पासून २५ देशांतील पुरुषांना सरकारी कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले. त्यातले उत्तर कोरिया सोडले तर बाकी सारे मुस्लिमबहुल देश. यादीत पाकिस्तान आणि बांगलादेश होते, भारत नव्हता. स्वतःहून हजर झालेल्यांपैकी १३ हजारांहून अधिक लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. ही योजना २०११मध्ये थांबली आणि तिचे नियम २०१६मध्ये पुसले गेले.

हल्ला करणाऱ्या १९ जणांपैकी विद्यार्थी व्हिसावर आलेला एकच होता. तरी संशयाची सावली सर्वाधिक पडली ती मुस्लिम विद्यार्थ्यावर. कार्यालयाने रद्द ठरायला हवे होते ते अर्ज मंजूर केले आणि त्याची किंमत रांगेत प्रामाणिकपणे उभे राहिलेल्यांनी मोजली.

एप्रिल २००२चा तो नियम आजही लागू आहे. बहिणीकडे किंवा चुलत्यांकडे जायचे आणि तिथेच प्रवेश मिळवायचा, असा बेत आपल्या घरांतूनही होतो. त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मान्यताप्राप्त संस्थेचे ‘आय-२०’ पत्र हवे आणि मुक्कामाची मुदत संपण्याआधी ‘आय-५३९’ अर्ज गेला पाहिजे. निकाल यायला महिने लागू शकतात. पूर्वी तेवढ्या काळासाठी पर्यटक मुदतही पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागे. जुलै २०२१मध्ये ती अट गेली. मात्र मंजुरीपूर्वी वर्गात बसलात तर दर्जा बदलून मिळत नाही, आणि मधेच देश सोडलात तर अर्ज संपला.

आणखी एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. तिथे बदलतो तो ‘दर्जा’. पासपोर्टवर विद्यार्थी व्हिसा उमटत नाही. ईदला किंवा लग्नकार्याला घरी आलात, की परतण्यासाठी अमेरिकी वकिलातीत मुलाखत देऊन एफ-१ व्हिसा घ्यावाच लागतो. शिवाय शिकण्याचा इरादा आधीपासून असताना फिरायला चाललो असे सांगितले, तर ते खोटे बोलणे ठरते आणि पुढचे दरवाजेही बंद होऊ शकतात.

म्हणून मुलांनो, शिकायचेच असेल तर मुंबईतूनच विद्यार्थी म्हणून अर्ज करा. आपला खरा इरादा पहिल्याच खिडकीवर सांगितलेला बरा.