चांभाराचं चामडं आणि खारदुंगलाचा उतार

लेहमध्ये पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की महाराष्ट्राच्या नंबरप्लेटी दिसू लागतात. एमएच-१२, एमएच-१४, क्वचित एमएच-०९. मराठी बोलणारा फौजी भेटला की मंडळी खुलतात आणि रस्त्याबद्दल विचारतात. ऑक्सिजनचं काय, पेट्रोल कुठे मिळेल, बर्फ असेल का? ब्रेकबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. मी विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, "निघताना सर्व्हिसिंग केलंय." ब्रेक पॅड किती उरलेत, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे विचारलं की नवरा बायकोकडे बघतो आणि बायको खिडकीबाहेर.

म्हणून हा लेख. थोडा इतिहासातून जाणार आहे, कारण ब्रेक कधी तपासायचा आणि कधी बदलायचा हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे.

ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या मानहाइमहून बर्टा बेन्झ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून माहेरी फोर्ट्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. गाडीचा ब्रेक म्हणजे चाकावर दाबला जाणारा लाकडी ठोकळा. डोंगराळ भागात उतार लागले तसा ठोकळा झिजत गेला. बाईंनी वाटेतल्या एका गावात चांभार गाठला आणि ठोकळ्यावर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर ते हेच, असं सांगतात. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. ब्रेक झिजलाय हे बाईंना कळलं, कारण तो डोळ्यांसमोर उघडा होता. मॅन्युअल नव्हतं, मेकॅनिक नव्हता, पण झीज दिसत होती.

पुढे १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं की डोंगर उतरताना गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याशी जुने बूट अडकवतात, म्हणजे पकड वाढते. त्यावरून त्याने ब्रेकचं अस्तर बनवण्याचा धंदाच काढला. स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात बायको एलिझाबेथचं 'ई' घालून नाव ठेवलं, फेरोडो. सुरुवातीला त्याचं अस्तर सुती विणीचं होतं, नंतर अ‍ॅस्बेस्टॉस आलं. उष्णतेपुढे ते टिकलं, पण त्याच्या धुळीने कामगारांच्या फुप्फुसांचं काय केलं ते कळायला बराच काळ गेला. आजही जुन्या गाडीचा ड्रम उघडून हवेच्या पाइपने धूळ उडवणारा मिस्त्री दिसला की मी लांब उभा राहतो. तुम्हीही राहा.

१९०२ च्या सुमारास लुई रेनॉने ड्रम ब्रेक रूढ केला. अस्तर आता बंद डब्यात गेलं. चिखल-पाण्यापासून वाचलं आणि चालकाच्या नजरेआडही झालं. त्यानंतर १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीत हायड्रॉलिक ब्रेक आले. ते माल्कम लॉकहीडचं काम, विमानवाल्या लॉकहीड बंधूंपैकी एक. दांडे आणि तारांच्या जागी नळीतलं तेल. चारही चाकांना सारखा दाब मिळू लागला. हेन्री फोर्डचा मात्र त्यावर विश्वास बसेना. पेडलपासून चाकापर्यंत सलग पोलाद असलेलं बरं, असं म्हणत त्याची कंपनी १९३९ च्या मॉडेलपर्यंत हटून बसली. म्हाताऱ्याच्या हट्टाला लोक हसतात, पण त्याची शंका अगदीच पोकळ नव्हती. तार सैल झाली तर पायाला कळतं. तेलात पाणी मुरलं तर रोजच्या सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही.

डिस्क ब्रेकची कल्पना लँचेस्टरने १९०२ मध्येच पेटंट केली होती, पण तांब्याचे पॅड इतके किंचाळायचे की कोणी जवळ करेना. १९५३ मध्ये जॅग्वारने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली आणि दोन वर्षांनी सिट्रोएनच्या डीएसमधून डिस्क सर्वसामान्य खरेदीदारापर्यंत पोहोचली. फायदा उष्णतेचा. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो आणि पेडल खाली खाली जात राहतं. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेनेच जाडावते, शिवाय ती उघडी असल्याने लवकर थंड होते. पण डिस्क ब्रेक आपली झीज आपणच भरून काढतो. पॅड झिजला की कॅलिपरचा पिस्टन तेवढा पुढे सरकून राहतो आणि पेडल पहिल्याइतक्याच उंचीवर लागतं.

म्हणजे दर सुधारणेबरोबर ब्रेक चांगले होत गेले आणि झीज लपवण्यातही पटाईत होत गेले. बर्टाबाईंना जे सहज दिसलं ते आपल्याला आज मुद्दाम बघावं लागतं. म्हणूनच "लागतोय की व्यवस्थित" हा पुरावा नव्हे.

मग बघायचं काय? नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो. ३ वर आला की बदला, घाटात जाणार असाल तर ४-५ वरच. किलोमीटरवर जाऊ नका. नागपूर-अमरावती हायवेवर ६० हजार टिकणारा पॅड पुण्याच्या सिग्नलांमध्ये निम्म्यातच संपू शकतो. बऱ्याच पॅडना एक पातळ पत्री असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून चीं चीं करते. पावसात गाडी उभी राहिल्यावर पहिल्या दोन ब्रेकना होणारा खरखराट गंजाचा, तो जातो. रोज येणारी चीं मात्र त्या पत्रीची. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढचा आवाज लोखंडावर लोखंडाचा असतो, आणि मग पॅडबरोबर डिस्कही जाते. डिस्कलाही किमान जाडी ठरलेली असते, बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली. पेडल थरथरलं तर डिस्कची जाडी कमी-जास्त झाली असण्याची शक्यता. गाडी एका बाजूला ओढली तर एखादा कॅलिपर अडकलेला असू शकतो. आणि मागच्या चाकांतले शू लोक विसरतातच.

फौजेत यासाठी फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड अशी पद्धत आहे. गाडी निघण्यापूर्वी, वाटेत थांबल्यावर आणि परत आल्यावर चालक ठरलेल्या गोष्टी तपासतो. हॉल्ट परेडमधली एक युक्ती कोणालाही जमेल. लांबचा उतार उतरून थांबलात की प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, भाजेल. पुढची दोन्ही सारखी गरम हवीत. एकच फार तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये, एकच थंड असेल तर लागत नाहीये. ईएमईचे जुने हवालदार याच्यासाठी कुठलंही यंत्र मागत नाहीत.

आता खारदुंगलाकडे. पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं तुम्ही फोटोंत पाहिलं असेल. जीपीएसने मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट. (पाटीशेजारी उभं राहून हे बोलू नका, लोक नाराज होतात.) लेह ३,५०० मीटरवर. चाळीसेक किलोमीटरमध्ये १,८५० मीटरचा उतार. दीड टनाची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा मुरवावी लागते तिच्यात ऐंशी लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. काही वाटा हवा आणि टायर उचलतात, पण फार मोठा भाग इंजिनने उचलायचा की ब्रेकने, हे तुम्ही कुठल्या गिअरमध्ये उतरता त्यावर ठरतं. सिंहगडावरून रविवारी उतरताना जो जळका वास येतो तो न्यूट्रलमध्ये 'पेट्रोल वाचवणाऱ्यांचा'. खारदुंगलाचा उतार त्याच्या जवळपास तिप्पट आहे.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ तेल २०५ अंशांना उकळतं, पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. हे समुद्रसपाटीचे. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे उकळबिंदू आणखी खाली. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल फळीला टेकतं, पॅड कोरे करकरीत असले तरी. दोन वर्षांनी तेल बदला, गाडी चालली असो वा नसो.

टाकीतली पातळी खाली गेली म्हणून नुसतं तेल ओतणंही टाळा. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, ती एक प्रकारची सूचना असते. वर भरून टाकली की सूचना गेली, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच तेल टाकीबाहेर सांडून रंग खातं. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल तर गळती शोधा, आणि सापडेपर्यंत गाडी काढू नका.

आमच्या बिरादरीतल्या वाचकांसाठी एवढंच. आपली गाडी गावी कव्हरखाली सहा-सहा महिने उभी असते. पाच वर्षांत जेमतेम १४ हजार किलोमीटर झालेले असतात, त्यामुळे गॅरेजवालाही "साहेब, अजून नवीच आहे" म्हणतो. सुट्टीवर पोहोचल्यावर पोरांना महाबळेश्वरला नेण्याआधी मागचे ड्रम उघडायला लावा, पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये विचारा आणि तेल बदलून घ्या. गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकामागे वीट लावा.