डबा गेला, फळी आली

मुंबईत दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. ते साल आमच्याकडं दुष्काळाचं. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. टीव्ही हे नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या आळीत पहिला डबा आला तो 1987 ला, रामायण लागलं तेव्हा. रविवारी सकाळी त्याच्यापुढं अख्खी आळी बसायची. एक पोरगं अँटेना फिरवायला कौलावर, दुसरं खालून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!"

त्या डब्याच्या पोटात काचेची मोठी नळी असायची. मागून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर मारायचा, म्हणून डबा मागं फुगलेला. पडदा मोठा करायचा तर नळीही लांब आणि जड होणार. यावरची वाट तशी कधीचीच निघाली होती. 1964 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी प्लाझ्माचा पडदा केला. तोही टीव्हीसाठी नव्हे, विद्यार्थ्यांना शिकवायच्या संगणकासाठी. 1968 साली आरसीए कंपनीनं एलसीडीचा पडदा दाखवला. त्यामागं जॉर्ज हाइलमायर आणि त्यांचे सोबती होते. तरी या दोन फळ्या घराघरांत टीव्ही म्हणून यायला तीसेक वर्षं गेली.

दोन्हींतला फरक शेतकऱ्याला लवकर कळावा असा आहे. प्लाझ्मात लाखो बारीक खाने, त्यांत निऑन-झेनॉनसारखे वायू. वीज दिली की खान्यातला लेप उजळतो, आपल्या ट्यूबलाइटसारखा. म्हणजे ज्याचा त्याचा दिवा वेगळा. एलसीडीत खाना स्वतः उजळत नाही. मागं दिवा कायम चालू आणि पुढं दारं. पाट वाहताच ठेवायचा अन् वाफ्याचं दार कमी-जास्त उघडायचं, तसलं काम. दार कितीही घट्ट लावा, थोडं पाणी झिरपतंच. म्हणून एलसीडीतला काळा रंग जरा राखाडी दिसायचा. प्लाझ्माचा काळा म्हंजे अमावस्याच.

आमच्या घरी हा प्रश्न आला 2010 ला. उसाचं बिल जमा झालेलं आणि पुढल्या साली क्रिकेटचा वर्ल्ड कप. धाकटा भाऊ प्लाझ्मावर अडून बसला. पळता चेंडू त्यावर साफ दिसतो, आणि त्याच पैशात पडदा मोठा मिळतो, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. थोरला मुलगा म्हणाला, "काका, लोडशेडिंगचं काय?" घरात इन्व्हर्टर एकच, त्यावर ट्यूबा आणि पंखे. प्लाझ्मा तेवढ्याच मापाच्या एलसीडीपेक्षा वीज जास्त खातो. शिवाय तो जड, आडवा टाकून आणायचा नाही, आणि आमचा रस्ता तुम्ही बघितलेला नाही. बातम्यांच्या चॅनेलची खालची पट्टी तासन् तास एकाच जागी राहिली, तर तिचा डाग प्लाझ्मावर उमटतो. आमचे दादा तर दिवसभर बातम्याच लावून बसायचे.

एवढ्यात आई बोलली, "मला दारातनं दिसंल का त्यात?"

सगळे गप्प झाले. घरातल्या बायका टीव्ही बघायच्या त्या स्वैपाकघराच्या दारातून, कडेनं, एक डोळा चुलीवरच्या दुधावर ठेवून. आणि कडेनं बघायला प्लाझ्माच चांगला; तेव्हाच्या स्वस्त एलसीडीत कडेनं रंग फिके पडायचे. इतकी वर्षं ती जागा कुणी हिशेबात धरलीच नव्हती.

शेवटी घेतला एलसीडीच, विजेपायी. पण लावायची भिंत बदलली. दारासमोरच्या भिंतीवर खिळे ठोकले, आणि पुरुषमंडळी कडेला सरकली. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनीनं षटकार मारला, तो आईनं समोरून बघितला. आम्ही माना वाकड्या करून.

पुढं प्लाझ्माचं राज्य बुडालं. पॅनासोनिकनं 2013 च्या अखेरीस त्याचं उत्पादन थांबवलं, पाठोपाठ सॅमसंग आणि एलजीनंही. चित्र चांगलं असूनही तो हरला. एलसीडी हलका, वीज कमी खाणारा, आणि कारखान्यांत लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या मापांत निघणारा. आज दुकानात एलईडी म्हणून विकतात तोही बहुतेक एलसीडीच असतो. मागचा दिवा फक्त बदलला.

जात कुठली घ्यावी हे बियाण्यासारखंच आहे. उतारा जास्त पडतो म्हणून घेता येत नाही. आपल्या रानाला पाणी किती, ते आधी बघावं लागतं. आणि खाणारी तोंडं कुठं बसलीत, तेही.