जास्वंदीचं कुंपण

समुद्राकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे मिरवणूक तुमच्या डाव्या हाताने येईल. आधी वास येतो तो वखारींतल्या सुक्या खोबऱ्याचा. कोकणातल्या माणसाला हा वास ओळखीचा. मग पावलांचा आवाज. वाइमोसो गावाकडून माणसं चालत येताहेत. कमरेला लुंगीसारखं गडद निळं वस्त्र, त्यावर एक पांढरा पट्टा. हा न्यूझीलंडच्या राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘माऊ’ चळवळीचा गणवेश. खांद्यावर बंदूक कोणाच्याच नाही.

गाव आपिया, प्रशांत महासागरातला पश्चिम सामोआ. शनिवार, २८ डिसेंबर १९२९. हद्दपारी भोगून ऑकलंडहून बोटीने परतणाऱ्या साथीदाराचं स्वागत करायला हे सगळे निघालेत.

पुढे चालताहेत ते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे. वय अवघं २८. त्यांच्याकडे नीट बघा, आणि बघताना एक कुंपण डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे परसदाराला असतं तसलंच, जास्वंदीचं. ते काढून टाका, असा न्यूझीलंडच्या प्रशासकाचा, जॉर्ज रिचर्डसन यांचा, १९२४ साली हुकूम आला. तामासेसेंनी कुंपण काढलं नाही. शिक्षा काय झाली? गावातून हद्दपारी, आणि पदवी रद्द.

हद्दपारी आपल्याला चटकन कळते. पदवीचं तसं नाही. ‘तुपुआ तामासेसे’ हे जन्मनाव नव्हे, ती ‘मताई’ची पदवी. सगळं कुळ एकत्र बसून ती कोणाला द्यायची ते ठरवतं. मग तो माणूस कुळाची जमीन सांभाळतो आणि गावाच्या सभेत, म्हणजे ‘फोनो’त, कुळाच्या वतीने बोलतो. देशमुखी-पाटीलकीसारखं हे वतन नव्हे. वतनाची सनद राजा देतो, म्हणून राजा ते जप्तही करतो. इथे सनद देणारं कुळ, आणि पदवी काढून घेणारा मात्र समुद्रापलीकडून आलेला अधिकारी. १९२२च्या एका वटहुकमाने त्याला तसा अधिकार दिला होता. या लोकांना राज्यकारभार शिकवायचा आहे, असं जिनिव्हात, राष्ट्रसंघापुढे, सांगितलं जायचं. आणि शतकानुशतकं ज्या रीतीने ते आपला कारभार स्वतः चालवत आले, तिच्याच मुळावर घाव घातला जात होता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

मिरवणूक जवळ येईपर्यंत कागदपत्रं बघून घ्या. ही बेटं कोणाची? १९१४च्या ऑगस्टपर्यंत जर्मनीची. महायुद्ध सुरू होताच न्यूझीलंडचं सैन्य उतरलं, प्रतिकार झालाच नाही. पुढे राष्ट्रसंघाने न्यूझीलंडला ‘मॅन्डेट’ दिलं. म्हणजे मालकी नव्हे, विश्वस्तपण. वर्ग मात्र ‘क’, ज्यात विश्वस्ताने तो मुलुख जवळपास स्वतःच्या देशाचा भाग असल्यासारखा चालवायचा आणि वर्षाकाठी एक अहवाल धाडायचा. जर्मनीचा हक्क संपला, न्यूझीलंडला मालकी नाही, राष्ट्रसंघ स्वतः राज्य करत नाही. मग सार्वभौम कोण? सामोअन माणसाला हे विचारायचं झालंच तर त्याचा अर्ज जिनिव्हाला जायचा तो ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्याच सरकारच्या हातून. चळवळीचे पुढारी ओलाफ नेल्सन १९२८ साली स्वतः जिनिव्हापर्यंत गेले. मॅन्डेट आयोगाने त्यांना समोर बोलावून ऐकून घेतलं नाही.

विश्वस्ताची त्याआधीची वागणूकही गावाच्या आठवणीत आहे. ७ नोव्हेंबर १९१८ला ऑकलंडहून ‘टालून’ बोट आली. बोटीवर इन्फ्लुएन्झाचे रोगी होते, तरी लष्करी प्रशासनाने त्यांना उतरू दिलं. सुमारे ८,५०० माणसं गेली, लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नरने येणाऱ्या बोटींवर कडक विलगीकरण लादलं. तिथे या साथीने एकही माणूस दगावला नाही. आज रस्त्यावरून चालणाऱ्यांपैकी कितीजणांनी अकरा वर्षांपूर्वी आपल्याच हातांनी घरातली माणसं पुरली असतील, त्याचा अंदाज करा.

आता मागे व्हा. पोलिसांना हवा असलेला माऊचा एक माणूस मिरवणुकीत आहे आणि त्याला धरायला ते रांगेत घुसलेत. ढकलाढकली, दगड, मग पिस्तुलांचे बार. पोलीस ठाण्याकडे मागे हटताहेत. त्यांच्यातला एक शिपाई जमावाच्या हाती सापडतो आणि जिवाला मुकतो. ठाण्यातून रायफली सुटतात. त्यांच्यामागून लुईस मशीनगनचा आवाज, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा सलग.

या आवाजात तामासेसे पुढे येतात. हात वर करून ते शांत राहायला सांगताहेत, पोलिसांना नव्हे, आपल्या माणसांना. ते कोसळतात. त्यांना सावरायला वाकलेलेही कोसळतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राण सोडला. जाताना सांगून गेले की माझ्या रक्ताचा सूड घेऊ नका. त्यांच्यासह मेलेल्या सामोअन माणसांचा आकडा ११ पर्यंत सांगतात. त्यानंतर युद्धनौका आली, माऊ बेकायदा ठरली, पुरुष रानात गेले. चळवळ थांबली नाही. बायकांनी ती पुढे चालवली. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात येऊन माफी मागितली ती २००२ साली.

त्याच्या चाळीस वर्षं आधी थांबा. १ जानेवारी १९६२, सामोआ स्वतंत्र झाला आहे. राष्ट्रप्रमुख दोन आहेत. त्यांतले एक लेआलोफींचे भाऊ, मेआओले. भावानंतर कुळाने पदवी त्यांना दिली होती. नव्या राष्ट्राच्या प्रमुखांचं नाव लिहिलं गेलं: तुपुआ तामासेसे मेआओले.