यमू मोठी होते

मराठी कादंबरीत कुणी लहानाचं मोठं होतं का, असं विचारलं की लोक ‘कोसला’चं नाव घेतात. त्यातला पांडुरंग सांगवीकर 1963 चा. साने गुरुजींचा श्याम 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात कागदावर उतरला. पण हे घराणं त्याहून जुनं आहे, आणि त्याची मूळ पुरुष एक मुलगी आहे.

तिच्याआधीच्या नायिकांना बालपण नव्हतंच. ‘मुक्तामाला’ (1861), ‘मंजुघोषा’ (1868) या कादंबऱ्यांच्या नायिका पहिल्या पानावर जेवढ्या तरुण, तेवढ्याच शेवटच्या पानावर. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’तली (1857) यमुना विधवांची दुःखं बघत फिरते खरी, पण आपल्याला ती भेटते तीच लग्न झालेली.

हरि नारायण आपट्यांनी 1890 मध्ये पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. लहानपण बरंचसं मुंबईत गेलेलं. 1878 मध्ये घर पुण्याला आलं. त्या साप्ताहिकात त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली, आणि सांगायला बसवली यमूला. बाप्या माणसानं पोरीच्या तोंडून ‘मी’ म्हणायचं! डिकन्सनं डेव्हिड कॉपरफील्ड चाळीस वर्षांपूर्वी असाच हप्त्याहप्त्यानं वाढवला होता, पण तिथं लेखकही मुलगा, नायकही मुलगा.

हप्त्यांचा फायदा असा की यमूबरोबर वाचकाचंही वय वाढत गेलं. सुरुवातीला दादाशी भांडणारी, मोठ्यांची बोलणी अर्धवट कानावर पडणारी पोर. तिला जे उमगत नाही ते आपल्याला उमगतं, आणि जीव कासावीस होतो. मग लग्न, सासर, रात्री चोरून नवऱ्यापाशी गिरवलेली अक्षरं. रघुनाथराव तिला मुंबईला नेतात तिथं कादंबरीला वारा लागतो. मला ही मुंबईची पानं सगळ्यांत आवडतात. चार माणसांत बोलायचं, वर्तमानपत्र वाचायचं, मत द्यायचं. घरातल्या सुनेला कुणी विचारत नाही ते इथं विचारलं जातं. यमूचं मोठं होणं ते हेच. तिच्या सांगण्यात आता घडलेल्याचा अर्थ लावणं येतं; लहानपणी ती नुसतं काय झालं ते सांगायची.

पुढं रघुनाथराव जातात, आणि सासरचे शंकरमामंजी वस्तरा बोलावतात.

हा वस्तरा हरिभाऊंनी कल्पनेतून काढला नव्हता. त्याच 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पुढारी, ‘दीनबंधु’चे संपादक. सुधारकांची व्याख्यानं चालूच होती. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच तो खाली ठेवायची भाषा केली. संमतिवयाच्या कायद्यावरच्या वादात अख्खं पुणं-मुंबई तापलेलं होतं, तो कायदा 1891 चा.

आणि गिरगावच्या चौपाटीवर 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी ‘शारदा सदन’ उघडलं होतं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ‘पण लक्षात कोण घेतो’ पुस्तकरूपानं आली ते साल 1893. त्याच साली मार्चमध्ये गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. पुढं त्यांनीही आपली गोष्ट स्वतः सांगितली. नाव ठेवलं ‘माझे पुराण’.