वंशावळ कोणाची मांडायची?

गावाचा इतिहास म्हटला की आपण आधी देशमुख, देशपांडे, इनामदार शोधायला लागतो. कोणाकडे सनद आहे, कोणाचा वाडा उभा आहे, यावर घराणं थोर की किरकोळ ते ठरतं. भिवंडीत ही फूटपट्टी फारशी उपयोगाची नाही.

गाव जुनंच. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर भिवंडीही घेतली. पण आजची भिवंडी ज्यांनी घडवली ते सनद घेऊन आले नव्हते. हातातली कला घेऊन आले होते. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातली विणकर कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. काही मालेगावात थांबली, काही भिवंडीत. आडनाव मोमीन, नाहीतर अन्सारी. म्हणजे आडनाव घराण्याचं म्हणावं, तर ते साऱ्या बिरादरीचंच! इतिहास लिहिणाऱ्याची पंचाईत इथेच होते. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांचीही हीच तऱ्हा. घरातच माग, एक जण धोटा फेकणार, बाकीचे कांड्या भरणार. घराण्याचा वाडा शोधायला जावं तर सापडते ती ही मागाची खोली.

या गर्दीत एक नाव मात्र ठळक उरलं, खानसाहेब समद शेठ यांचं. गावात वीज आली आणि 1927 च्या सुमारास त्यांनी हातमागाच्या जागी यंत्रमाग आणण्यात पुढाकार घेतला, असं सांगितलं जातं. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही पुढे भिवंडीत येऊन चालू लागले. 1982 च्या संपात गिरण्या थंडावल्या, तेव्हा त्यांचं बरंचसं काम इकडे वळलं. गिरणगावच्या दुःखावर भिवंडी वाढली, हेही लपवण्यात अर्थ नाही.

मात्र याच गावात 1970 आणि 1984 साली भीषण दंगली झाल्या. पहिलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. दोन्ही वेळा घरांबरोबर रोजीरोटीही गेली. 1988 साली सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातला पोलिस एकत्र बसू लागले. पुढाऱ्यांपेक्षा शेजाऱ्यांवर भर, हे मला त्यातलं खरं शहाणपण वाटतं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली.

खोपडे यांना श्रेय मिळालं, ते रास्तच. पण त्या बैठकांना दिवसभराचं काम संपवून येणारे कोण होते? माझ्या मते भिवंडीच्या नामवंतांची यादी केली, तर समद शेठच्या खालोखाल तेच येतात. तेव्हा तिशीत असलेले आता साठी ओलांडून गेले असतील. आधी त्यांच्या घरी जाऊन नावं लिहून घ्यायला हवीत. सनदा शोधायला नंतरही वेळ मिळेल.