फुप्फुसाचा कर्करोग : औषधी प्रतिबंध

कर्करोग होण्याआधीच औषध, जीवनसत्त्व किंवा खनिज देऊन तो टाळण्याचा प्रयत्न. त्याला ‘केमोप्रिव्हेन्शन’ हे नाव अमेरिकी शास्त्रज्ञ मायकेल स्पोर्न यांनी १९७६ मध्ये दिले. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत असे एकही द्रव्य अद्याप खात्रीचे ठरलेले नाही.

बीटा-कॅरोटीन : भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत आणि रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक असणाऱ्यांत हा रोग कमी आढळे. तेव्हा तेच द्रव्य गोळीतून द्यावे, असा विचार पुढे आला. फिनलंडच्या नैर्ऋत्य भागात १९८५ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत ५० ते ६९ वयाचे, सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष होते. बीटा-कॅरोटीन (रोज २० मिग्रॅ.), ई जीवनसत्त्व (५० मिग्रॅ.), दोन्ही किंवा औषध नसलेली गोळी, असे चार गट करून ५ ते ८ वर्षे गोळ्या दिल्या गेल्या. निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन घेतलेल्यांत ४७४ जणांना फुप्फुसाचा कर्करोग झाला, न घेतलेल्यांत ४०२ जणांना. म्हणजे १८ टक्के अधिक. एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी वाढले. ई जीवनसत्त्वाचा उपयोग दिसला नाही. विशेष म्हणजे, याच पुरुषांपैकी ज्यांच्या रक्तात गोळ्या सुरू होण्याआधीच बीटा-कॅरोटीन जास्त होते, त्यांना रोग कमी झाला. भाजीचा गुण गोळीत उतरला नव्हता. औषध नसलेल्या गोळीचा गट ठेवला नसता, तर ही हानी कोणाच्या ध्यानातही आली नसती.

अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले व अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अशा १८,३१४ जणांना घेऊन झालेल्या ‘कॅरेट’ चाचणीत अ जीवनसत्त्वाचीही जोड होती. तेथे कर्करोग २८ टक्के अधिक आढळला आणि जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी, गोळ्या थांबवण्यात आल्या. धुराने दुखावलेल्या पेशींत हे द्रव्य उलटे का वागते, याबद्दल एकमत नाही. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारावरील काही गोळ्यांत बीटा-कॅरोटीन असते. धूम्रपान करणाऱ्यांनी व ते सोडलेल्यांनी वेष्टनावरील घटक वाचूनच त्या घ्याव्यात. गाजर-पालक खाण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.

सेलेनियम : पहिल्या अवस्थेतील गाठ शस्त्रक्रियेने काढलेल्या रुग्णांत दुसरा कर्करोग टाळण्यास निरुपयोगी.

कॅनाकिनुमॅब : हृदयविकाराच्या रुग्णांवरील चाचणीत (२०१७) फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू घटलेले दिसले. मात्र शस्त्रक्रियेनंतर रोग उलटू नये म्हणून ते देऊन पाहिले, तेव्हा फायदा झाला नाही.

अ‍ॅस्पिरिन, मेटफॉर्मिन : पुरावा परस्परविरोधी.